पाळण्याकडच्या सात फासळ्या

हात लावून बघा. घाबरू नका, लावा! चटका बसला ना? हीच माझी ओळख. ओतीव लोखंडाचा आहे मी. पोटात गरम पाणी खेळवायचं आणि भिंतीला पाठ लावून हिवाळा काढायचा, हा माझा धंदा. तुम्ही मला रेडिएटर म्हणाल, इथे, डोंगरांतल्या या नारिन शहरात, बतारेया म्हणतात. परवापरवापर्यंत मी बारा फासळ्यांचा होतो. आता पाच इथे आहेत, सात तिकडे. तरीही मी एकच आहे! कसा, ते सांगायला कधीचा उतावीळ झालोय. पोटातलं पाणी कसं गुडगुडतंय, ऐकू येतंय ना?

जन्म माझा भट्टीतला. लालभडक लोखंड वाळूच्या साच्यात ओतलं आणि माझी एकेक फासळी निपजली. मग फासळीला फासळी जोडली. दोन फासळ्यांच्या मध्ये आटे पाडलेल्या दोन कड्या, एक वर आणि एक खाली, करकचून आवळलेल्या. आवळणारा माणूस म्हणाला होता, "हे आता जन्माचं लग्न." त्याचा शब्द पुढे मोडला, पण ते नंतर.

माझी पहिली नोकरी शाळेत. नदीकाठची दगडी शाळा, दुसऱ्या मजल्यावरचा वर्ग, खिडकीखालची जागा. काय दिवस होते! सकाळी पोरं बर्फ तुडवत यायची आणि पहिली धाव माझ्याकडे. ओले हातमोजे माझ्या डोक्यावर, ओले बूट माझ्या पायाशी, आणि मधल्या सुट्टीत माझ्या अंगाला टेकून बसायला नुसती मारामारी. बाई फळ्याकडे वळल्या की पोरं चघळून झालेला डिंक माझ्या मागे चिकटवायची. त्यात एक मुलगी होती, बेगायीम नावाची. बोलायची कमी, बघायची फार. तिने माझ्या पाचव्या फासळीच्या मागे चिकटवलेला गोळा अजून तिथेच आहे. माझ्या उबेने तो दगड झालाय.

पुढे शाळेला नवीन खिडक्या आल्या आणि खिडक्यांपाठोपाठ नवीन, पातळ, पांढरेशुभ्र रेडिएटरही आले. आमची रवानगी मागच्या अंगणात. दोन हिवाळे बर्फाखाली काढले. ऊब देणाऱ्याने गारठून पडावं, यासारखी नामुष्की नाही. भंगारवाला आला, त्याने मला हातोडीने टण्‌कन वाजवून बघितलं. माझा आवाज खणखणीत होता, म्हणून वाचलो.

मला घरी आणलं ते सादीरबेकने. साठी ओलांडलेला, ताठ मानेचा माणूस. घर स्वतःच्या हाताने बांधलेलं. आजवर सगळे एकाच चुलीभोवती झोपायचे. पण धाकट्या मुलाचं, तिलेकचं, लग्न झालं, सून घरात आली, आणि सादीरबेकने ठरवलं की यंदा प्रत्येक खोलीत ऊब पाहिजे. स्वयंपाकघरामागे दगडी कोळशाचा बंब बसवायचा, तिथून घरभर पाइप फिरवायचे. भंगारातून त्याने आम्हा तिघांना उचललं. मी बारा फासळ्यांचा, एक आठ फासळ्यांचा आणि एक चार फासळ्यांचा चिमुकला.

अंगणात आम्हाला आडवं करून ठेवलं होतं. दारातून नवी सून डोकावली. डोईला रुमाल, हातात किटली. अहो, बेगायीम! तीच! मी लोखंड नसतो तर उडी मारली असती.

पाइपचं काम कुबातकडे होतं. तो सादीरबेकचा भाचा. हात चालतो तेवढीच जीभही चालते.

"मामा, हिशोब सोपा आहे," तो म्हणाला. "खोलीच्या दर चौरस मीटरला शंभर वॉट ऊब लागते. एक फासळी देते एकशे साठ, असं छापलेलं असतं. भागाकार करा, फासळ्या मिळाल्या."

"सूनबाईच्या खोलीला किती?"

"नऊ चौरस मीटर. म्हणजे सहा."

"चार आहेत."

"तर मग मोठ्यातून दोन सोडवू. पण जुनं लोखंड आहे, आटे गंजलेत. तडकलं तर सगळंच गेलं."

"काही सोडवायचं नाही," सादीरबेक म्हणाला. "तीन खोल्या, तीन बतारेया. मोठा पाहुण्यांच्या खोलीत, तोरवर. मधला आमच्या खोलीत. धाकटा पोरांना. तरुण रक्त आहे, चार फासळ्या पुष्कळ झाल्या."

"मामा, हा हिशोब उबेचा झाला नाही, मानाचा झाला."

"मग? पाहुणा माझ्या घरात कुडकुडला तर नारिनभर मला नावं ठेवतील. तू नळ जोड."

तोर म्हणजे दारासमोरच्या भिंतीपाशी असलेली जागा, घरातली सगळ्यात मानाची. जितका मोठा पाहुणा तितका दारापासून लांब, तोरच्या जवळ. दाराशी बसते ती चहा ओतणारी सून. माझी जागा थेट तोरवर! शाळेत खिडकीखाली पोरांचे बूट सांभाळणारा मी, आता मानकऱ्यांच्या पाठीशी. सादीरबेकच्या बायकोने, सालिमाने, मला चांदीचा रंग दिला. एक हात दिला असता तर ठीक होतं, तिने तीन दिले. माझी ऊब त्या रंगात अडकायला लागली, पण दिसत होतो काय झकास! मग तिने घराण्याची पेटी आणून माझ्यासमोर ठेवली, तिच्यावर रजयांची छताला भिडणारी चळत रचली आणि दार ओढून घेतलं. पाहुण्यांची खोली. रोज कोण उघडतं?

बंब पेटला. पाणी आलं. मी धडधडून तापलो! आणि तापून बघतो तर समोर रजया. ऊब द्यायची कुणाला? रजयांना. खोलीत माणूस नाही, एका भिंतीपलीकडे बंब, दुसऱ्या भिंतीपलीकडे सासूसासऱ्यांची खोली, खिडकी उन्हाकडे. त्या खोलीला मुळात थंडी शिवतच नव्हती.

आणि धाकटा? तो शेवटच्या टोकाला. आम्हा दोघांमधून फिरून पाणी त्याच्याकडे पोचायचं तोवर दमलेलं असायचं. त्यातून सूनबाईची खोली म्हणजे घराचा कोपरा. दोन भिंती बाहेरच्या, खिडकी नदीकडे, आणि नारिनच्या खोऱ्यातून येणारं वारं दिवसरात्र त्याच भिंतीवर. बिचारा चार फासळ्यांनी काय करणार?

मला हे कसं कळलं म्हणता? पाण्यातून. पाइपमधून घरातलं सगळं ऐकू येतं. तिकडे कुणी शिंकलं की इकडे माझ्या पोटात टिचकी वाजते.

एका सकाळी तिलेकचा आवाज आला. "मी बाबांशी बोलू का? टोपी घालून झोपतोय आपण."

"नको," बेगायीम म्हणाली.

"का?"

"तुम्ही बोललात तर तिने बोलायला लावलं म्हणतील. सून येऊन वर्ष झालं नाही आणि घर थंड आहे म्हणते."

"पण चिल्देत बाळ येणार. तेव्हा काय करायचं?"

चिल्दे म्हणजे हिवाळ्याचे ऐन कडाक्याचे चाळीस दिवस. तेव्हा इथे तोंडातून निघालेली वाफ रुमालावर गोठते. मग लाकूड सरकल्याचा आवाज आला. घराण्याचा पाळणा होता, सासूने माळ्यावरून काढून दिलेला. बेगायीम तो खिडकीपासून आतल्या भिंतीकडे नेत होती, तिथून धाकट्याजवळ, तिथून पुन्हा भिंतीकडे. खोलीतली ऊबदार जागा शोधत होती. सापडत नव्हती. रोज सकाळी तो आवाज यायचा. मी इथे रजया भाजत बसलेलो, आणि तिथे एक आई पाळणा घेऊन खोलीभर फिरतेय! जीव नुसता तडतडायचा माझा. पण मी पडलो भिंतीला जखडलेला.

मग जेवणावळीचा दिवस उगवला. हिवाळ्यासाठी घोडा कापला की नातेवाइकांना बोलवायचं, ही इथली रीत. दार उघडलं, जेवणाचं कापड, दस्तरखान, पसरलं, रजया पेटीवरून उतरून बसायला अंथरल्या, आणि एकदाची माझ्यासमोरची भिंत हटली. मी इतका खूश झालो की पूर्ण ताकदीने तापलो.

तोरवर बसल्या उमसुनाय आत्याबाई, सादीरबेकची थोरली बहीण. घराण्यात त्यांच्याहून मोठं कुणी नाही, म्हणून त्यांच्या तोंडाला लगाम नाही. पाठ थेट माझ्या अंगाला. खोलीत वीसेक माणसं, मधोमध वाफाळतं मांस, एका भिंतीपलीकडे बंब धडधडतोय आणि मागे मी!

आत्याबाईंनी आधी शाल काढली. मग वरचा अंगरखा. मग कपाळ पुसलं, मान पुसली.

"सादीर," त्या म्हणाल्या, "तू मला मान देतोयस की शिजवतोयस?"

सगळे हसले. "ताई, जरा अलीकडे सरका," कुणीतरी म्हणालं.

"सरकू? तोर सोडून? उद्या म्हणाल भावाने खाली बसवलं. बसते इथेच. घोड्यानंतर मलाच वाढा."

हसता हसता सालिमाने दाराकडे पाहिलं. "सूनबाई, आत्याबाईंना लोणी दे गं, गरम ब्रेडला लावून खातील."

बेगायीम उठली. दोन्ही हातांनी वाडगा धरून आली, अदबीने वाकली, आत्याबाईंपुढे ठेवला आणि पुन्हा दाराशी जाऊन बसली. आत्याबाईंनी चमचा टेकवला. चमचा रुतेना. जोर केला. चमचा वाकला आणि वाडगा दस्तरखानावरून घसरत थेट कुबातच्या मांडीवर!

"अगं, हे लोणी आहे की नदीतला दगड?" आत्याबाई म्हणाल्या.

सालिमा ओशाळली. "सूनबाई, बाहेर ओसरीत ठेवलं होतंस का?"

"नाही, आपा." सासूला इथे आपा म्हणतात.

"मग?"

"आमच्या खोलीत होतं, आपा."

"खोलीत कुठे? खिडकीत?"

"नाही, आपा. पाळण्यात."

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. बेगायीमची मान खाली. तिने तक्रार केलेली नव्हती. विचारलं त्याचं उत्तर दिलं होतं, तेवढंच. आता ते लोणी तिने तिथे ठेवलं कशाला, हे मात्र मला विचारू नका. घरात लोणी ठेवायला दुसऱ्या जागा नव्हत्या असं नाही.

आत्याबाई उठल्या. तोर सोडून उठल्या, विचार करा! काठी टेकत गेल्या कोपऱ्यातल्या खोलीत. पाइपमधून त्यांचा आवाज आला. "या खोलीत घोड्याचं मांस टांगा रे, वसंतापर्यंत टिकेल! इथे मूल निजवणार तुम्ही?" परत आल्या आणि बसल्या बसल्या फर्मान सोडलं. "कुबात. तू हिशोब केला होतास म्हणे. पुन्हा कर. सगळ्यांसमोर कर."

कुबातने मांडीवर एव्हाना वितळलेलं लोणी पुसलं. दस्तरखानावर बोरसोक पसरलेले होते, तळलेल्या कणकेचे फुगीर तुकडे. त्याने ते पुढ्यात ओढले, तीन रिकाम्या ताटल्या मांडल्या. "एक बोरसोक म्हणजे एक फासळी. ही पाहुण्यांची खोली, बारा. ही मामांची, आठ. ही पोरांची, चार." मग त्याने डोकं खाजवलं. "पण मी तेव्हा छापील आकडा धरला, तिथेच फसलो. एकशे साठ वॉट निघतात ते पाणी उकळीच्या आसपास असेल तेव्हा. आपल्या बंबाचं पाणी फार तर सत्तरपर्यंत चढतं. तेवढ्यावर एक फासळी देते शंभराच्या जरा वर."

"म्हणजे सहासुद्धा पुरल्या नसत्या?" सादीरबेकने विचारलं.

"नऊ लागल्या असत्या, तेही मधल्या खोलीला. ही कोपऱ्यातली. दोन भिंती उघड्या, खिडकी वाऱ्याकडे. त्या नऊवर आणखी दोन धरा." त्याने पाहुण्यांच्या ताटलीतून पोरांच्या ताटलीत एकेक बोरसोक टाकत नेला. ढीग झाला. "अकरा."

"आणि ही खोली?"

"बंबाच्या शेजारी, ऊन येतं. रिकामी असली तरी इथे गोठत काही नाही. आणि भरली की... मामा, बसलेला माणूसही शंभर वॉट ऊब टाकतो. माणूस म्हणजे एक फासळीच."

"म्हणजे मी एक फासळी?" आत्याबाईंनी विचारलं.

"तुम्ही दोन, मावशी."

हशा उसळला! आत्याबाई सगळ्यांत जोरात हसल्या. हसू ओसरलं तसं त्यांनी विचारलं, "आणि तान्हं बाळ? ते किती रे?"

कुबातने एक बोरसोक घेतला, त्याचा चतकोर तोडला, चतकोराकडे पाहिलं आणि पोरांच्या ताटलीत ठेवला.

सालिमाने पाहुण्यांच्या ताटलीत उरलेले बोरसोक मोजले. "पण तोरवर पाचच फासळ्या? लोक काय म्हणतील, सून आली आणि पाहुण्यांची ऊब काढून घेतली?"

"लोक येतील ते आपापली फासळी घेऊन येतील," आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी पाहुण्यांच्या ताटलीतला एक बोरसोक उचलला आणि सरळ खाल्ला. "ही माझी. घेतली मी. आता कुणाची हरकत?"

हरकत घेणार फक्त सादीरबेक, आणि तो तिथे नव्हता. कधी उठला कळलंच नाही. कोपऱ्यातल्या खोलीत गेला होता. बऱ्याच वेळाने पाळण्याचं लाकूड एकदा करकरलं. तो परत आला तेव्हा त्याची बोटं थंडीने लाल झाली होती. दाराशी बसलेल्या सुनेसमोर क्षणभर थांबला. "चहा गार झाला असेल, बेटा. दुसरा ओत," एवढंच म्हणाला. मग भाच्याकडे वळला. "कुबात, चावी आण."

चावी! अहो, माझ्या पोटात हात घालून कड्या फिरवायची चावी ती, माणसाच्या हाताएवढी लांब. कुणाच्या पोटात कुणी एवढी चावी घातलीय कधी? भीती होती, नाही म्हणत नाही. पण त्याहून मोठी होती ती हुरहूर. पाळण्याकडे जायचंय! सात फासळ्या, पाळण्याकडे!

दुसऱ्या दिवशी ऊन चढताच बंब विझवला, पाणी सोडलं. घर भराभर गार व्हायला लागलं. काम फसलं तर ते घर अख्खा हिवाळा गारच राहणार होतं. मला अंगणातून आणलेल्या फळ्यांवर आडवं केलं. तिलेकने जोडावर ज्योत धरली, कुबातने चावी आत सारली. वरची कडी थोडी, खालची थोडी, पुन्हा वरची. एक जरी जास्त फिरली तर मी तडकणार.

"हलत नाही," तिलेक म्हणाला.

"हलेल. तुझ्या बायकोने काल अख्खं घर कसं हलवलं, तसं. हळूच." कुबातने चावीवर सगळा भार टाकला.

खाड्! असा आवाज झाला की सालिमाने दोन्ही हात तोंडावर नेले. बेगायीमने भिंत धरली. कुबात वाकला, बोट फिरवलं, आणखी एकदा फिरवलं.

"गंज सुटला!" तो ओरडला. "गंजाचा आवाज! लोखंड शाबूत!"

मी दोन झालो. घटकाभर खरंच कळेना, मी कुठल्या बाजूला. पाच फासळ्या भिंतीवर परत चढल्या, सात फासळ्या चौघांनी उचलून कोपऱ्यातल्या खोलीत नेल्या आणि धाकट्याला जोडल्या. कुबातने त्या बाजूचा नळ पुरता उघडला. बंब पेटला, पाणी आलं, इथून तिथे आणि तिथून इथे. आणि मग कळलं. पाणी तेच! जे इथे ऐकतो ते तिथे, जसा तिथे तापतो तसा इथे. मी दोन झालोच नव्हतो, फक्त लांब झालो होतो!

संध्याकाळी बेगायीम फडक्याने माझ्या सात फासळ्या पुसत होती. पाचवीच्या मागे तिचं बोट अडलं. तिने वाकून पाहिलं. तो दगड झालेला डिंक! ती बघत राहिली, आणि मग इतकी हसली, इतकी हसली की तिलेक धावत आला. तिने त्याला काही सांगितलं नाही. डिंकही काढला नाही.

आता चिल्दे चाललंय. बाहेर नदी काठापर्यंत गोठलीय. पाळणा माझ्यापासून दोन हातांवर आहे, आणि आत आहे ती चतकोर फासळी. मुलगी! नाकातून इवला इवला फुरफुराट करते आणि तो पाइपमधून घरभर फिरतो. पाहुण्यांच्या खोलीत कुणी नसलं तरी तोरवर मी ऐकतो.

जाता जाता एक विनवणी. तुमच्याही घरात माझा कुणी भाऊबंद असेल तर त्याला रंगाचे थरावर थर देऊ नका, पुढ्यात पेट्या मांडू नका. आणि त्याला कुठे बसवायचं ते ठरवताना त्या खोलीत कोण येणार हे विचारण्याआधी, कोण राहतं ते विचारा. कुठल्या भिंतीवर वारं येतं ते विचारा. छापील आकडा आमच्या अंगात नेहमीच नसतो.

सालिमाचा आकड्यांवर विश्वास नाहीच. ती रोज सकाळी लोण्याचा वाडगा घेऊन येते, पाळण्याच्या कडेशी ठेवते आणि चहा होईपर्यंत बघत बसते. आज बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. लोणी मऊ झालं, मग पातळ झालं, आणि दुपट्यावर ओघळलं.

"अगं सूनबाई!" ती दचकून ओरडली. "ये, ये लवकर! वाहिलं बघ! सगळं दुपटं खराब केलं या मेल्या लोखंडाने!"

आणि माझ्या अंगावर चापट मारायला तिने हात उचलला, पण हात आला आणि तिथेच टेकून राहिला.